दोन टेबलांमधली रेघ

आमच्या घरात कुणी हळू आवाजात बोललेलं मला आठवत नाही. भांडकुदळ माणसं होतो म्हणून नव्हे. पुढच्या खोलीत आप्पांची पिठाची गिरणी आणि तिला लागूनच मिरची-मसाला कुटायचा डंका, त्यामुळे मीठ कुठंय एवढं विचारायचं तरी आईला ओरडूनच विचारावं लागे. गिरणी थांबली की कान एकदम मोकळे व्हायचे आणि त्यांत हायवेवरच्या ट्रकांचा आवाज शिरायचा. पहाटे आप्पा आंघोळ करून, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून, डाव्या तळव्यावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसत, तेवढा वेळ मात्र घर चिडीचूप असे. मग शटर वर जाई, पट्टा फिरू लागे, आणि भांड्यांवर, देवाच्या फोटोवर, आमच्या भुवयांवर पिठाचा पातळ थर बसत राही. मिरचीच्या दिवसांत तर आल्यागेल्या पाहुण्यांची तोंडं रुमालाआड. आम्हाला काही वाटत नसे. आई त्याच खकाण्यात बसून येसर आमटीला फोडणी द्यायची, भाकऱ्या थापायची, आणि मध्येच पुढे डोकावून गिऱ्हाइकाला सांगायची, "ओ भाऊ, ज्वारीत खडे हायेत बघा, पुन्यांदा निवडून आना." आता मी राहते त्या फ्लॅटमध्ये इतकं शांत असतं की मी उगीचच टीव्ही लावून ठेवते आणि स्वयंपाकघरात जाऊन बसते.

मी गेवराईच्याच कॉलेजात बी.कॉम. केलं. मग बसस्टँडजवळ नवा कॉम्प्युटर क्लास निघाला, तिथं नाव घातलं. तिथं आम्हाला कॉम्प्युटर सुरू करायला, बंद करायला आणि दोन्ही हातांनी टाइप करायला शिकवलं. बाकीच्या वेळात सर वीज यायची वाट बघत गप्पा मारायचे. एवढ्या शिदोरीवर मला नोकरी लागली. आसपासच्या खेड्यांत लहान मुलांच्या आरोग्याचं काम करणारी एक छोटी संस्था होती, खताच्या दुकानावर दोन खोल्या. जिना चढताना युरियाचा वास नाकात बसायचा तो संध्याकाळपर्यंत जायचा नाही. माझं काम सोपं होतं. गावोगावच्या सेविका मुलांच्या नोंदी आणून द्यायच्या, त्या मी कॉम्प्युटरमध्ये भरायच्या. एका टेबलात मुलं: नाव, आईचं नाव, गाव, जन्मतारीख, जन्मठिकाण. दुसऱ्या टेबलात लसी: कोणत्या मुलाला, कोणती, कधी. औरंगाबादच्या एका माणसानं येऊन हे सगळं बसवून दिलं होतं आणि पडद्यावर मोठी बटणं करून दिली होती. बटण दाबलं की अहवाल छापून यायचा. आत काय चालतं ते मला माहीत नव्हतं आणि कुणी सांगायलाही नव्हतं.

आमच्या प्रमुख वैशाली मॅडम, बालरोगाच्या डॉक्टर. कोल्हापूरकडच्या. उंच, भराभर चालणाऱ्या, कापडी पिशवीत कायम शेंगदाण्याचे लाडू ठेवणाऱ्या. त्यांना आमची बोली हळूहळू समजू लागली होती. "कावून", म्हणजे का, हा शब्द त्यांना फार आवडायचा आणि त्या तो नको तिथं वापरायच्या. दसऱ्याच्या आधी त्यांना एका बैठकीसाठी गोवराच्या लसीचा अहवाल हवा होता. मी बटण दाबलं, कागद निघाले. दोन रकाने होते, लस वेळेवर आणि लस उशिरा, आणि खाली गावनिहाय नावं. बहुतेक सगळी वेळेवर. मॅडम खूश झाल्या, लाडू दिला. मी कागद टाचता टाचता नावं वाचत होते. आपण टाइप केलेलं छापून आलं की ते पुन्हा वाचायची मला खोड होती. चकलांब्याच्या पलीकडच्या एका वस्तीची नावं आली तेव्हा माझे डोळे आपोआप दुर्गा हे नाव शोधू लागले. ही नोंद माझ्या लक्षात राहिली होती, कारण तिच्या जन्मठिकाणाच्या रकान्यात सेविकेनं 'फड' लिहून दिलं होतं. फड म्हणजे ऊसतोड चालू असलेलं रान, हे मला ठाऊक होतं. पण ते जन्मठिकाण म्हणून कसं भरायचं, हे विचारायला मी मॅडमकडे गेले होते, आणि त्या म्हणाल्या होत्या, "आहे तेच लिही."

दुर्गा कागदावर नव्हती. वेळेवरमध्ये नाही, उशिरामध्येही नाही.

"राहिलं असेल टाइप करायचं," मॅडम म्हणाल्या.

"न्हाई मॅडम. मी टाकलंय."

मुलांचं टेबल उघडून दाखवलं. दुर्गा होती. आईचं नाव रुख्मिण, जन्मठिकाण फड. लसींच्या टेबलात तिची ओळच नव्हती. मॅडम खुर्चीवर बसल्या. त्यांच्या हातातला कागद तसाच होता. "म्हणजे जिला लस मिळालीच नाही, ती या कागदावर येतच नाही?" त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, "अशा किती असतील गं?" ज्या माणसानं हे बसवलं तो नोकरी बदलून मुंबईला गेला होता, आणि मॅडमनी सरळच सांगितलं, "मला यातलं बटण दाबण्यापलीकडे काही येत नाही. तू बघशील?"

मी "बघते" म्हणाले. त्या शब्दाला मी आजही घाबरते, पण त्या दिवशी तो सहज आला.

मॅडमनी औरंगाबादहून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मागवलं. माझं सगळं शिक्षण मराठीतून. एका पानाला एक सकाळ जायची. क्वेरी या शब्दाला शब्दकोशात 'प्रश्न, शंका' असा अर्थ होता, आणि मला ते बरं वाटलं; निदान प्रश्न विचारायला तर बंदी नाही. दिवसा वीज टिकत नसे. गावातल्या गिरण्या सुरू झाल्या की दिवे पिवळे पडायचे आणि कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा, म्हणून मी सकाळी सहालाच कार्यालयात जाऊ लागले. खताच्या दुकानाचा शिपाई झाडू मारत असायचा, तो किल्ली द्यायचा. मी बटणांच्या मागचा पडदा उघडला. तिथं वरती दोन चौकोन दिसले, एकात मुलांच्या टेबलातले रकाने, दुसऱ्यात लसींचे, आणि दोघांच्या मधून मुलाच्या क्रमांकावरून क्रमांकाकडे गेलेली एक बारीक रेघ. ही रेघ कशाला, म्हणून मी ती पुसून पाहिली आणि क्वेरी चालवली. पडद्यावर ओळींचा पूर आला. एकेका लेकराला साऱ्या मुलखाच्या लसी. एकच पोरगं गावातल्या प्रत्येकाची सुई टोचून घेत होतं. मी एकटीच खुर्चीवर मोठ्यानं हसले, आणि मग माझ्या लक्षात आलं की कोण कुणाचं हे त्या रेघेवरूनच ठरतं.

रेघ पुन्हा ओढली. पुस्तकात लिहिलं होतं की रेघेवर दोनदा क्लिक करा. केलं. एक छोटी खिडकी उघडली, तीन वाक्यं. पहिल्याला टिंब होतं: दोन्हीकडे जे जुळतं तेवढंच दाखव. दुसऱ्यात एक शब्द मोठ्या अक्षरांत होता. मुलांच्या टेबलातली *सगळी* दाखव, आणि लसींच्या टेबलातली जुळतील तेवढी. मी ते वाक्य शब्दकोश बाजूला ठेवून पुन्हा पुन्हा वाचलं. मग टिंब दुसऱ्या वाक्यावर नेलं. रेघेच्या टोकाला बाण उमटला, मुलांकडून लसींकडे. क्वेरी चालवली, आणि दुर्गा आली. तिच्या नावापुढे लसीची जागा कोरी. तिच्यासोबत आणखी कितीतरी कोऱ्या जागा. पण मला फक्त गोवराच्या लसीचं बघायचं होतं, म्हणून खाली अट घातली, लस गोवराची. लगेच दुर्गा पुन्हा गायब. त्या सकाळी मी अक्षरशः टेबलावर डोकं टेकलं. कोऱ्या जागेत गोवर हा शब्द नाही, म्हणून कोरी जागा अटीत बसत नाही, हे मला पुढे चार-पाच सकाळी समजलं नाही.

घरी माझं लक्ष उडालेलं असायचं. आईनं ताटात वाढलेली भाकरी तशीच राहायची. दिवाळी जवळ आलेली, गिरणीत चकल्यांच्या भाजणीचे डबे रांगेनं लागलेले, प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी. आप्पांनी पट्टा थांबवला आणि विचारलं, "नंदे, रोज सकाळच्या पारी जाती, करती काय तिथं?" गावात लोक बोलू लागले होते, ते त्यांच्या कानावर आलंच असणार. मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला. टेबल, रेघ, बाण. ते पीठ झटकत ऐकत राहिले. मग मला ते डबे दिसले.

"आप्पा, दळायला डबे टाकून गेले ते सगळे लोक एकीकडं. दळण न्यायला आले ते दुसरीकडं. जुना कागद निसता न्यायला आलेल्यांची नावं सांगत होता."

"आन् ज्यांचा डबा हितंच पडून हाय ते?"

"तेच तर मला काढायचंय."

"मंग आधी न्यायला आलेल्यांची वेगळी यादी कर की," आप्पा म्हणाले. "फक्त भाजणी नेलेल्यांची. ज्वारीवाले मधी घेऊ नको. आन् मंग डब्यांशी ताडून बघ."

ते सहज बोलले आणि पुन्हा पट्टा चढवला. मला तिथल्या तिथं कळलं. एकच क्वेरी सगळं करत नव्हती, कारण मी तिच्यावर सगळं लादत होते. आधी एक छोटी क्वेरी, फक्त गोवराच्या लसी. मग मुलांचं टेबल आणि ती छोटी क्वेरी यांच्यात बाणाची रेघ. आणि शेवटी अट, लसीची तारीख कोरी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हे केलं. यादी आली. खाली खाली सरकत गेली तरी संपेना.

मी ती मॅडमना लगेच दाखवली नाही. आधी गावनिहाय मोजली. ज्या गावांतून ऊसतोडीला फारसं कुणी जात नाही तिथं तुरळक नावं, आणि ज्या वस्त्या दिवाळीनंतर रिकाम्या होतात तिथं पानंच्या पानं. मग मी जन्मतारखेत नऊ महिने मिळवणारा एक रकाना केला, गोवराची लस तेव्हा देतात म्हणून, आणि महिन्यानुसार गट पाडले. कार्तिक ते फाल्गुन, सगळी नावं तिथंच दाटलेली. सेविका त्या दिवसांत वस्तीवर जात होती, तिला दाराला कुलूप दिसत होतं. माणसं गुढीपाडव्याला परत यायची तोवर ती लेकरं मोठी झालेली असायची, आणि सेविका नव्यानं नऊ महिन्यांच्या झालेल्या बाळांकडे बघायची. कुणीच मुद्दाम काही केलं नव्हतं. पण दर वर्षी तीच लेकरं सुटत होती.

मॅडमनी ते सगळं उभ्या उभ्याच वाचलं. "ही मोठी झालेली मुलं अजून लस घेऊ शकतात," त्या म्हणाल्या. "पण ही पुन्हा जाणार ना? कधी?"

चौकशी केली. चकलांब्याच्या पलीकडच्या त्या वस्तीच्या गाड्या भाऊबीज झाली की गुरुवारी सुटणार होत्या. मॅडमनी सरकारी दवाखान्यातून लस आणि एक सिस्टर मिळवली, जीप ठरवली. "यादीतलं कोण कुठलं हे तुला माहीत आहे. तू चल," म्हणाल्या.

त्याच गुरुवारी मला बघायला लातूरचे पाहुणे येणार होते.

स्थळ चांगलं होतं. कापडाचं दुकान, मुलगा शिकलेला, आमच्याच समाजातला. आई दर कार्तिकात कपिलधारच्या यात्रेला जायची, यंदा तिथं जाऊन ती देवाकडे काय मागणार ते मला माहीत होतं. मी आप्पांना म्हणाले, पाहुण्यांना एक दिवस पुढं यायला सांगा. आप्पा म्हणाले, "लातूरहून मानसं येनार, त्यान्ला काय सांगू? पोरगी लस टोचायला गेली म्हनून?"

"टोचनार सिस्टर. मी नावं काढलीत."

"तुज्याबिगर टोचायच्या न्हाईत का?"

"दुसऱ्या कुनाला ती लेकरं ठावी न्हाईत, आप्पा. कागदावर बी नव्हती ती."

"नंदे, लई शिकली म्हनून लई बोलू नको."

आई चुलीपाशी होती, ती म्हणाली, "दुपारपातूर आली तर?" आप्पा उठून गिरणीकडं गेले. रात्री मी नेसायची साडी काढून ठेवली, जांभळी, काठाची. सकाळी ती तशीच पलंगावर ठेवून मी सुती ड्रेस घातला आणि आप्पा पूजेला बसलेले असताना निघाले. त्यांचे डोळे मिटलेले होते. पण माझी पावलं त्यांना ऐकू आली असतील असं मला वाटतं.

वस्तीवर पोहोचलो तेव्हा उजाडलं होतं आणि एक गाडी निघूनही गेली होती. ते मला पोहोचल्या पोहोचल्या कळलं, आणि माझ्या हातातल्या कागदावरची किती नावं तिच्याबरोबर गेली ते मी उभ्या उभ्या बघू लागले. उरलेल्या दोन ट्रकांमध्ये संसार चढत होते. पत्र्याच्या पेट्या, ज्वारीची पोती, पाण्याची पिंपं, दोरीला बांधलेल्या कोंबड्या, चटईत गुंडाळलेले कोयते, आणि त्या सगळ्यावर लेकरं. म्हाताऱ्या माणसांना दारात बसवलेलं. टोळीचा मुकादम हातात पिशवी घेऊन ओरडत फिरत होता. मॅडम त्याच्याशी बोलायला गेल्या.

"ओ बाई, आता न्हाई," तो म्हणाला. "कारखान्याचा टाइम ठरल्याला हाय. रातच्याला पोचायचंय. आल्यावर द्या तुमची लस."

"आल्यावर उशीर होतो, म्हणूनच आत्ता आलोय," मॅडम म्हणाल्या. त्यानं हात उडवला. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. मागच्या फाळक्यापाशी एक बाई पोरीला काखोटीला मारून वर चढत होती, आणि मी यादीतली नावं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. गिरणीच्या घरात वाढल्याचा मला त्या दिवशी उपयोग झाला. माझा आवाज इंजिनाच्या वर गेला. लेकराचं नाव, मग आईचं नाव. तिसरं-चौथं नाव दुर्गा, आई रुख्मिण. ती फाळक्यावरची बाई थांबली.

"माज्या पोरीचं नाव तुमाला कसं ठावं?"

"मीच लिव्हलंय ते. हिला गोवराची लस न्हाई दिली कुनी."

"मागितली व्हती," ती म्हणाली. "पाडव्याला आल्यावर सेविकाबाईकडं गेलते मी. म्हनल्या, हिचे दिस उलटले."

"उलटले न्हाईत. आता देता येती. ही डॉक्टर आलीय."

रुख्मिण अडखळली. "ताप येतो ना त्यानं? गाडीत कसं सांभाळू?" तोवर मुकादम आमच्याकडे आला होता आणि तिला वर चढ म्हणत होता. तिनं एक पाय वर टाकला, आणि मग खाली घेतला. ती त्याच्याकडे वळली.

"मागल्या साली फडावर गोवर आलता. आमच्या शेजारच्या कोपीतलं लेकरू गेलं. तूच खड्डा खांदला ना त्याचा? इसरला?"

मुकादमाचा हात तसाच वर राहिला. आजूबाजूच्या बायका सगळ्या ऐकत होत्या. मी काही ठरवून केलं नाही, पण मी जाऊन ट्रकच्या तोंडापुढं उभी राहिले, कागद छातीशी धरून. बॉनेटची धग अंगाला लागत होती. मुकादमानं माझ्याकडे बघितलं, रुख्मिणकडे बघितलं, आणि ड्रायव्हरला ओरडला, "बंद कर बे गाडी!"

मग सगळं भराभर झालं. सिस्टरनं बर्फाची पेटी एका बाजेवर ठेवली. मी नावं पुकारत होते, बायका पोरांना पोत्यांवरून खाली उतरवत होत्या, मॅडम दंड पुसत होत्या. यादीत नसलेलीही दोन लेकरं आली. त्यांची नावं मी कागदाच्या मागं लिहिली. दुर्गा सुई टोचल्यावर रडली नाही, नुसती चिडून मॅडमकडे बघत राहिली. मॅडमनी तिला लाडू दिला आणि रुख्मिणला तापाच्या गोळ्या. मुकादम एका दगडावर बसून तंबाखू मळत होता. शेवटचं लेकरू वर चढल्यावर तो मला म्हणाला, "पुढल्या साली आधी येत जा ताई. गाडी भरल्यावर लई तकलीफ व्हते." त्याचं बरोबर होतं. आधी गेलेली गाडी माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हती.

घरी पोहोचले तेव्हा ऊन कललं होतं. डोक्यापासून पायापर्यंत धूळ. दारात चपला नव्हत्या, म्हणजे पाहुणे गेले होते. गिरणी चालू होती आणि आप्पा पाठमोरे. मी मागच्या दारानं आत गेले. आईनं मला पाणी दिलं, मग कांदेपोह्यांची उरलेली बशी दिली, आणि माझ्या शेजारी बसून आवाज शक्य तितका खाली आणून सांगू लागली. पाहुणे वेळेवर आले होते. बराच वेळ बसले. मुलाच्या आत्यानं विचारलं, मुलगी आजारी आहे का. आईनं हो म्हणायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात आप्पा म्हणाले होते, "आजारी न्हाई. कामाला गेलीय. तिचं काम हाय, ती केल्याबिगर येनार न्हाई. तुमाला थांबायचं तर थांबा." ते थांबले नाहीत.

"आसं म्हनले आप्पा?" मी विचारलं.

"म्हनले," आई म्हणाली. "आन् मंग आत येऊन मलाच रागावले, पोहे कावून इतके केले म्हनून."

आप्पा त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "सगळे डबे गेले का गं?" मी म्हणाले, "न्हाई. एक गाडी आधीच गेलती." त्यांनी मान हलवली. सकाळच्या पारी जाऊन करती काय, असं त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही. माझं लग्न पुढं झालं, बीडच्या एका शिक्षकाशी, आणि ते बघायला आले त्याच दिवशी त्यांना मी सांगितलं की मी काम सोडणार नाही. पण ती गोष्ट वेगळी.

आधी गेलेल्या गाडीतली नावं मी वेगळी काढली, कोणत्या कारखान्याकडे गेली ते मुकादमाकडून समजून घेतलं, आणि मॅडमनी तिकडच्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन केले. त्यांतले कुणी फडावर जाऊन आले, कुणी गेले नाहीत. पाडव्यानंतर वस्ती परत आली, तेव्हा मी जीपनं पुन्हा गेले. रुख्मिण ज्वारीचं कणीस कुटत होती, दुर्गा धुळीत लोळत होती. त्यांच्या फडावर पुन्हा गोवर आला होता. आम्ही लस दिलेलं एकही लेकरू आजारी पडलं नव्हतं. पहिल्या गाडीतला एक मुलगा, दोन वर्षांचा, गेला होता. त्याच्या आईनं मला काही विचारलं नाही. कार्यालयात आल्यावर मुलांच्या टेबलात त्याची ओळ उघडली आणि पुढं काय भरायचं ते भरलं. अजूनही कुणी मला आकडे दाखवू लागलं की मी आधी विचारते, यात कोण आलेलं नाही. कामावरच्या नव्या पोरांना ते थोडं विचित्र वाटतं.

त्या उन्हाळ्यात मी ती क्वेरी पुन्हा लिहिली. आता ती चालवली की आधी विचारायची, कोणतं गाव, आणि गाड्या कोणत्या तारखेला सुटणार. तारीख भरली की गाडी सुटायच्या दिवशी नऊ महिने पूर्ण झालेल्या, पण लस न मिळालेल्या मुलांची नावं यायची, आणि जी तिकडे गेल्यावर नऊ महिन्यांची होणार त्यांची वेगळी. मॅडमनी दोन सेविकांना माझ्यापाशी बसवलं. त्यांना मी रेघेवर दोनदा क्लिक करायला शिकवलं, आणि त्या खिडकीतलं मोठ्या अक्षरांतल्या शब्दाचं वाक्य मराठीत करून सांगितलं.

पुढच्या वर्षी आम्ही दसऱ्याच्या आधीच त्या वस्तीवर गेलो. बैल अजून चरत होते, कोयते भिंतीला टेकलेले होते, कुणालाच घाई नव्हती. मुकादमानं स्वतः घरोघर फिरून लेकरं आणली. संध्याकाळी कार्यालयात येऊन मी दिवसभराच्या नोंदी भरल्या, गावाचं नाव टाकलं, तारीख टाकली, आणि लस राहिलेल्यांची क्वेरी चालवली. पडद्यावर रकान्यांची शीर्षकं आली आणि त्यांच्याखाली काहीच नाही. मला वाटलं, अट चुकली. बाण तपासला, तारीख तपासली, पुन्हा चालवली. पांढरी जागा. मॅडम माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"काय झालं? बिघडली का?"

"न्हाई मॅडम," मी म्हणाले. "नावं संपली."